भट्टीतले प्रवाळ, प्रयोगशाळेतले प्रवाळ : सिमेंटच्या हिशेबाची एक गोष्ट

जानेवारी १९६९. तमिळनाडूच्या आग्नेय किनाऱ्यावर, रामेश्वरच्या वाटेवर असलेल्या मंडपम कॅम्प या लहानशा गावी देशोदेशींचे प्रवाळतज्ज्ञ जमले होते. भारतीय सागरी जीवशास्त्र संघटनेने भरवलेला प्रवाळ व प्रवाळभित्तींवरील हा परिसंवाद पुढे जागतिक परंपरेचा आरंभ ठरला. दर काही वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवाळभित्ती परिसंवादांच्या मालिकेत पहिला क्रमांक आजही मंडपमचाच लागतो. प्रवाळविज्ञानाची ही पंढरी भारताच्या किनाऱ्यावर वसली, ही अभिमानाची बाब होय.

त्याच किनाऱ्यावर त्याच काळात दुसरेही काही चालू होते. मन्नारच्या आखातातून पहारींनी फोडलेले प्रवाळाचे धोंडे होड्यांत भरून काठावर येत होते, वाळत होते आणि चुन्याच्या भट्ट्यांकडे रवाना होत होते. परिसंवादाच्या इतिवृत्तात या उपशाविषयीचा निबंधही समाविष्ट आहे. ज्या जिवांचा अभ्यास करण्यासाठी विद्वान आले होते, तेच जीव थोड्या अंतरावर चुना व सिमेंट यांचा कच्चा माल ठरत होते.

आज अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर चित्र पालटले आहे. प्रवाळ जाळून चुना करण्याऐवजी, प्रवाळ जाळ न लावता दगड कसा घडवतो हे अभियंते शिकू पाहत आहेत. ‘प्रवाळाच्या प्रेरणेने हरित सिमेंट’ अशा मथळ्यांच्या बातम्या विज्ञानविषयक पानांवर वारंवार झळकतात. त्या बातम्यांचे मोल ठरवायचे असेल, तर त्यामागील इतिहास आणि त्या इतिहासात दडलेला एक साधा रासायनिक हिशेब ठाऊक असणे आवश्यक आहे.

हा हिशेब चुन्यापासून सुरू होतो. चुनखडी, शिंपले आणि प्रवाळ हे तिन्ही मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचेच अवतार. भट्टीत तापवले की त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी घातले की ती फसफसून विरते. विरी गेलेला चुना वाळूत कालवून भिंतीत भरला की तो हळूहळू हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो. भारतात हे ज्ञान फार जुने. कोकणात शिंपले भाजून चुना होई, किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्यांची वर्तुळे आजही दिसतात आणि मुंबईत चुनाभट्टी हे नाव रेल्वे स्थानकाच्या फलकावर टिकून आहे. मद्रासकडील शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा तर घोटून इतका चकचकीत होई, की युरोपीय प्रवाशांना तो संगमरवर वाटे.

या जुन्या चुन्याचा एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे. भट्टीत दगडातून निघून गेलेला वायू भिंतीत बऱ्याच अंशी परत येत असे. इंधनाचा धूर वेगळा. परंतु दगडातल्या कार्बनचे वर्तुळ पुष्कळसे पूर्ण होत असे. आधुनिक सिमेंटने हे वर्तुळ मोडले.

विशेष असे, की या मोडतोडीची जाणीव होण्यासाठी लागणारे ज्ञान सिमेंटयुगाच्या उंबरठ्यावरच हाती आले होते. १७५६ साली स्कॉटिश रसायनज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी मॅग्नेशिया व चुना यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. चुनखडी तापवल्यावर तिचे वजन घटते, कारण तिच्यात बद्ध असलेला एक वायू बाहेर पडतो, हे त्यांनी तराजूच्या साहाय्याने दाखवून दिले. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्याच १७५६ मध्ये इंग्लंडचे अभियंते जॉन स्मीटन एडीस्टोनच्या दीपगृहाच्या कामास लागले होते. समुद्राच्या पाण्यातही घट्ट होईल असा चुना शोधताना त्यांच्या ध्यानात आले, की चिकणमातीचा अंश असलेली चुनखडी यासाठी उत्तम. पुढे २१ ऑक्टोबर १८२४ रोजी जोसेफ ॲस्पडिन यांनी ‘पोर्टलंड सिमेंट’चे एकस्व घेतले. त्यानंतरच्या दशकांत भट्टीचे तापमान वाढत गेले आणि चुनखडी व माती वितळण्याच्या बेतास आणून त्यांचे क्लिंकर बनवण्याची आजची रीत रुळली. हे तापमान सुमारे १,४५० अंश सेल्सियस असते.

शालेय रसायनशास्त्रातील एक समीकरण येथे पुरेसे आहे. १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट पूर्ण भाजले, की ५६ किलो चुनकळी उरते आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो टळत नाहीत. ते इंधनातून नव्हे, दगडातूनच येतात. क्लिंकर बनवताना होणाऱ्या उत्सर्जनाचा सुमारे ६० टक्के भाग असा दगडातला असतो. जगात दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते आणि मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के वाटा या एका उद्योगाचा आहे. काँक्रीटही आयुष्यभर थोडा वायू परत शोषते, परंतु घट्ट काँक्रीटच्या आत तो फार मंदगतीने शिरतो. जुन्या चुन्यासारखी परतफेड त्याला साधत नाही.

भारतातील सिमेंटची कथा समुद्राच्या दगडापासूनच सुरू झाली. १९०४ साली मद्रासमध्ये सिमेंटनिर्मितीचा जो पहिला प्रयत्न झाला, त्यात चुन्याचा स्रोत म्हणून समुद्रातील शिंपलेच वापरले गेले. तो उद्योग फार काळ तगला नाही. १९१४ मध्ये काठियावाडातील पोरबंदर येथे इंडियन सिमेंट कंपनीने उत्पादन सुरू केले आणि भारतीय सिमेंट उद्योगाचा पाया खऱ्या अर्थाने घातला गेला. पोरबंदरच्या परिसरातील मिलिओलाइट चुनखडी ही सूक्ष्म सागरी जिवांच्या कवचांपासून घडलेली आहे. मुंबईतील अनेक ब्रिटिशकालीन इमारतींना ‘पोरबंदरी दगड’ म्हणून जी फिकट पिवळसर शोभा लाभली, ती याच दगडाची. प्राचीन समुद्राने साठवलेला कार्बन इमारतीत दगड म्हणून बसला तर तो तिथेच राहतो. भट्टीत गेला तर मोकळा होतो. एकाच चुनखडीची ही दोन निरनिराळी भवितव्ये होत.

प्राचीन समुद्राचा दगड पुरेना, किंवा जवळ सापडेना, तेव्हा जिवंत समुद्राकडे मोर्चा वळला. कच्छच्या आखातात, जामनगरजवळच्या सिक्का परिसरात, सिमेंटसाठी प्रवाळमिश्रित चुनखडी वाळूचा उपसा काही दशके चालला. उपशाने उठलेला गाळ जिवंत प्रवाळांवर बसे. प्रकाश अडे, श्वास कोंडे. या आखातात १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. मन्नारच्या आखातात उपसा अधिक थेट होता. तेथे प्रवाळाचे खडकच फोडले जात. चुना, कॅल्शियम कार्बाइड आणि बांधकाम या सर्वांसाठी त्यांना मागणी होती. होडीभर धोंडे आणून पोट भरणाऱ्या किनाऱ्यावरील कुटुंबांसाठी तो रोजगार होता, हेही विसरता येत नाही.

या रोजगाराची किंमत पुढे बेटांनीच चुकवली. मन्नारच्या आखातात २१ बेटांची रांग होती. प्रवाळभित्ती म्हणजे या बेटांभोवतीची तटबंदी. ती लाटांचा जोर मोडते. तटबंदी फोडली गेली आणि विलंगुचल्ली व पूवरसनपट्टी ही दोन बेटे पाण्याखाली गेली. अभ्यासकांनी या लोपास प्रवाळांच्या उपशाशी जोडले आहे. १९८६ मध्ये येथे सागरी राष्ट्रीय उद्यान व १९८९ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र झाले. तरीही उपसा सहजासहजी थांबला नाही. २००१ साली प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान मिळाले. त्यानंतरच्या काही वर्षांत तो ओसरला.

भट्टीतील प्रवाळाचा अध्याय असा मिटत असताना प्रयोगशाळेत दुसरा अध्याय उघडत होता. प्रवाळ दगड घडवतो तरी कसा? या प्रश्नाला निर्णायक वळण दिले ते थॉमस गोरो यांनी. जमैकात काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाने किरणोत्सारी कॅल्शियम वापरून प्रवाळ किती वेगाने कॅल्शियम बांधतो हे मोजले आणि १९५९ साली दाखवले, की उजेडात हा वेग अंधारापेक्षा कितीतरी अधिक असतो. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी एकपेशीय शैवाले प्रकाशसंश्लेषण करतात आणि यजमानाला अन्न व ऊर्जा पुरवतात. दगड घडवण्यामागे सूर्य आहे, हे त्यातून उलगडले.

पुढील संशोधनाने यंत्रणा अधिक स्पष्ट केली. प्रवाळाची कोवळी त्वचा आणि तिच्याखालचा सापळा यांच्या दरम्यान द्रवाचा अत्यंत पातळ थर असतो. प्रवाळ आपली ऊर्जा खर्चून या थरातील हायड्रोजनचे आयन, म्हणजे आम्लाचा अंश, बाहेर ढकलतो व कॅल्शियम आत घेतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो, या थरातला त्याहून बराच वर जातो. आम्ल कमी झाले की बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि कॅल्शियमशी जुळून ॲरागोनाइट या खनिजाचे स्फटिक जमू लागतात. १,४५० अंशांची भट्टी नाही, धुराडे नाही. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या साध्या उबेत हे बांधकाम अहोरात्र चालते.

या बांधकामाची नक्कल करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न वास्तुरचनाकाराने केला. १९७०च्या दशकात टेक्सास विद्यापीठातील वुल्फ हिल्बर्ट्झ यांनी समुद्रात धातूची जाळी सोडून तिच्यातून सौम्य वीजप्रवाह खेळवला. ऋणाग्राजवळचे पाणी अल्कधर्मी होते आणि जाळीवर खनिजांचा थर चढू लागतो. समुद्रातच घरांचे भाग ‘वाढवता’ येतील, असे त्यांचे स्वप्न होते. घरे काही उगवली नाहीत. मात्र पुढे थॉमस गोरो यांचे पुत्र टॉम गोरो यांच्यासह त्यांनी हेच तंत्र ‘बायोरॉक’ या नावाने प्रवाळांच्या पुनर्वसनाकडे वळवले. पित्याने प्रवाळाचा वेग मोजला, पुत्राने तोच वेग वाढवण्याचा ध्यास घेतला. जानेवारी २०२० मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था व गुजरातचा वनविभाग यांनी कच्छच्या आखातात मिठापूरजवळ हे तंत्र भारतात प्रथम वापरले. ज्या आखातातून एके काळी सिमेंटसाठी प्रवाळवाळू उपसली गेली, तेथेच आता विजेच्या साहाय्याने प्रवाळांना नवे घर बांधून देण्याचा प्रयत्न झाला.

प्रवाळ आणि सिमेंट यांची प्रत्यक्ष गाठ घातली ती कॅलिफोर्नियातील ब्रेंट कॉन्स्टँट्झ यांनी. प्रवाळाच्या सापळ्याची घडण हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्या ज्ञानातून त्यांनी प्रथम अस्थिभंग सांधणारे एक कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट विकसित केले; शरीरातच हाडाच्या खनिजासारखे घट्ट होणाऱ्या या द्रव्यावरील निबंध १९९५ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांनी हाडांकडून इमारतींकडे मोहरा वळवला. २००७ मध्ये कॅलेरा ही कंपनी स्थापन झाली. आयआयटी दिल्लीचे माजी विद्यार्थी व अमेरिकेतील ख्यातनाम गुंतवणूकदार विनोद खोसला यांचे पाठबळ तिला लाभले. कल्पना मोठी आकर्षक होती. मॉस लँडिंग येथील वीजकेंद्राच्या धुराड्यातील वायू समुद्राच्या पाण्यातून सोडायचा, पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी त्याची सांगड घालायची आणि प्रवाळाप्रमाणे कार्बोनेटचा साका मिळवायचा. प्रचलित सिमेंट कार्बन सोडते; हे सिमेंट कार्बन गिळेल, असे आश्वासन होते.

या आश्वासनावर कार्नेगी संस्थेतील हवामानशास्त्रज्ञ केन कॅल्डेरा यांनी २००९च्या सुमारास जाहीर आक्षेप घेतला. आक्षेपाचे मर्म रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला समजण्यासारखे आहे. समुद्रात कार्बन मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात असतो. कॅल्शियमच्या एका आयनाबरोबर बायकार्बोनेटचे दोन आयन खर्ची पडतात. त्यांतील एका कार्बनचा दगड होतो आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड होऊन मोकळा होतो. म्हणजे नुसत्या समुद्राच्या पाण्यातून कार्बोनेट काढले तर वायू शोषला जाण्याऐवजी बाहेर पडतो. प्रवाळालाही हाच नियम लागू आहे. प्रवाळभित्ती हवेतला कार्बन खाऊन वाढतात, हा लोकप्रिय समज म्हणूनच अपुरा आहे. प्रवाळ जे आम्ल आपल्या थरातून बाहेर ढकलतो, ते नाहीसे होत नाही; ते भोवतालच्या समुद्रात जाते. अफाट समुद्र ते सामावून घेतो, म्हणून त्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही.

मग शाळेतील प्रसिद्ध प्रयोगात काय घडते? चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, कारण श्वासातील कार्बन डायऑक्साइडचे कॅल्शियम कार्बोनेट बनते. येथे वायू खरोखरच शोषला जातो. फरक असा, की निवळीत आम्लारी आधीच विरघळलेली असते. ही आम्लारी आली कोठून? चुनकळीतून. आणि चुनकळी? चुनखडी भाजून! फुंकर घालण्यापूर्वीच भट्टीने तेवढा वायू हवेत सोडलेला असतो. कार्बन गिळणाऱ्या प्रत्येक सिमेंटला विचारावयाचा प्रश्न येथे सापडतो : त्याची आम्लारी कोठून आली आणि तिच्यासाठी कोणी, कोठे, किती खर्च केला?

हा खर्च आकड्यांत मांडता येतो. १ टन कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४४० किलो कार्बन डायऑक्साइड बद्ध होतो. त्यासाठी कॉस्टिक सोडा वापरायचा झाला तर सुमारे ८०० किलो लागेल. १ टन कॉस्टिक सोडा विद्युत् अपघटनाने बनवण्यास २,००० युनिटांहून अधिक वीज लागते, आणि भारतातील वीजजालात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गुणाकार केला तर ४४० किलो बांधण्यासाठी १,१०० किलोंहून अधिक सोडावा लागेल. त्यातील अर्धा भार सहउत्पादन असलेल्या क्लोरिनच्या खात्यावर टाकला, तरी उरलेला आकडा ५५० किलोंच्या वर जातो. पाण्याचा हिशेबही असाच. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते सारेच्या सारे काढले, तरी १ टन कॅल्शियम कार्बोनेटसाठी १० लाख लिटर पाणी हवे.

कॅलेराच्या पहिल्या प्रयोगांना आम्लारी मिळाली ती एका जुन्या उद्योगाच्या कचऱ्यातून. मॉस लँडिंगच्या त्या जागी पूर्वी समुद्राच्या पाण्यापासून मॅग्नेशिया काढण्याचा कारखाना होता आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे साठे तेथे शिल्लक होते. कचरा संपल्यावर काय, या प्रश्नावर कंपनीने कमी विजेत आम्लारी बनवण्याच्या पद्धती शोधल्या. परंतु जगाचे सिमेंट बदलण्याची मूळ घोषणा प्रत्यक्षात उतरली नाही. कॉन्स्टँट्झ कंपनीतून बाहेर पडले. पुढे ‘ब्लू प्लॅनेट’ या नव्या कंपनीद्वारे त्यांनी सिमेंटऐवजी काँक्रीटमधील खडीकडे, म्हणजे कृत्रिम चुनखडीकडे, लक्ष वळवले.

कॅलेराचे संशोधन मात्र वाया गेले नाही. त्यातूनच निघालेल्या फोर्टेरा या कंपनीने २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील रेडिंग येथे, चालू सिमेंट कारखान्याच्या शेजारी, आपला प्रकल्प सुरू केला. समुद्राच्या पाण्यातून दगड काढण्याचा आग्रह येथे सोडून दिला आहे. चुनखडी भाजायचीच, पण तिच्यातून निघालेला वायू पकडून त्याच चुन्याशी पुन्हा जोडायचा आणि व्हॅटेराइट हे कॅल्शियम कार्बोनेटचे अस्थिर रूप मिळवायचे, अशी ही रीत. व्हॅटेराइटला पाणी लागले की त्याचे स्थिर रूपात स्फटिकीभवन होते आणि ते घट्ट होते. दगडातला कार्बन दगडातच परततो. मद्रासच्या जुन्या गिलाव्याचे मोडलेले वर्तुळ जणू कारखान्याच्या आवारातच पुरे होते. नफा-तोट्याचा अंतिम हिशेब अद्याप व्हायचा आहे, पण रासायनिक हिशेब येथे प्रामाणिक आहे.

अलीकडच्या बातम्याही याच निकषावर वाचाव्या लागतात. २०२५ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी समुद्राच्या पाण्यात वीज व कार्बन डायऑक्साइड सोडून वाळूसारखे खनिज वाढवले. त्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने त्रिमितीय मुद्रणाने बनवलेल्या पॉलिमरच्या सापळ्यावर, प्रवाळाच्या रचनेचे अनुकरण करत, विद्युत् रासायनिक पद्धतीने कॅल्शियम कार्बोनेट चढवले. दोन्ही कामे कल्पक आहेत. दोहोंचे यश वीज किती स्वच्छ आणि दुसऱ्या अग्राजवळ जमणाऱ्या आम्लाचे काय केले जाते, यावर अवलंबून राहील. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोसह २०२० मध्ये जिवाणूंच्या मदतीने चांद्रमातीसदृश भुकटीच्या विटा घडवल्या, तेव्हाही हाच प्रश्न उभा होता. त्या जिवाणूला आम्लारी मिळते युरियातून, आणि सोबत अमोनिया येतो. चंद्रावरील मोजक्या विटांसाठी ते चालेल. शहरांसाठी युरियाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही. सिमेंटच्या उत्पादनात चीननंतर भारताचाच क्रमांक लागतो आणि वर्षाचे उत्पादन ४० कोटी टनांच्या पुढे गेले आहे. घरे, पूल, धरणे, मेट्रो अजून बांधायच्या आहेत. ‘बांधू नका’ हे उत्तर देशाला देता येणार नाही. भारताने आजवर निवडलेली वाट क्लिंकर कमी करण्याची आहे. औष्णिक वीजकेंद्रांतील फ्लाय ॲश आणि पोलाद कारखान्यांतील स्लॅग मिसळलेले सिमेंट येथे सर्रास वापरले जाते. या वाटेवरचे पुढचे पाऊल म्हणजे ‘एलसी३’, अर्थात चुनखडी व भाजलेल्या चिकणमातीचे सिमेंट. स्वित्झर्लंडमधील कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातील फर्नांदो मार्तिरेना आणि आयआयटी दिल्ली व आयआयटी मद्रास येथील संशोधक यांच्या सहकार्यातून ते आकारास आले. त्यात क्लिंकर निम्म्यावर येते. चिकणमाती ७०० ते ८५० अंशांवर भाजली जाते आणि तिच्या सोबतीने सुमारे १५ टक्के चुनखडी न भाजता, नुसती दळून मिसळली जाते. कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक प्रसिद्ध केले.

एलसी३ची जाहिरात करताना कोणी प्रवाळाचे चित्र लावत नाही. तरीही प्रवाळाचा धडा त्यात आहे. कार्बोनेटला शक्यतो कार्बोनेटच राहू द्यावे, जाळू नये. दगडाचे बळ घेण्यासाठी त्यातला वायू हुसकावणे दर वेळी आवश्यक नसते. आणि प्रवाळाचा दुसरा धडा आम्लारीचा. पोलादाची स्लॅग, ॲल्युमिनियम उद्योगाचा लाल चिखल, पाडलेल्या इमारतींचे काँक्रीट असे अल्कधर्मी टाकाऊ पदार्थ भारतात ढिगांनी पडून आहेत. त्यांतील आम्लारीची किंमत पूर्वीच चुकवली गेली आहे. धुराड्यातला वायू बांधण्यासाठी नवी आम्लारी निर्माण करण्यापूर्वी हे ढीग हाताळणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मात्र त्यांचीही मर्यादा आहे. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्या महाकाय उद्योगाची पूर्ण भूक भागवू शकत नाही.

या साऱ्या हिशेबात सर्वांत मोठा धनको अजून किनाऱ्यावरच उभा आहे. भट्ट्या थांबल्या म्हणून प्रवाळांचे संकट संपले नाही. हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड समुद्र तापवतो; तापलेल्या पाण्यात प्रवाळ आपली शैवाले गमावून पांढरे पडतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये भारतीय प्रवाळभित्तींनी हे विरंजन सोसले. २०२४ साली लक्षद्वीपचे प्रवाळ पुन्हा मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. तोच वायू समुद्रात विरघळून पाण्याचा सामू खाली आणतो. औद्योगिक युगाच्या आरंभापासून पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू सुमारे ०.१ने उतरला आहे. जे आम्ल प्रवाळ कष्टाने आपल्या घराबाहेर ढकलतो, ते माणूस धुराड्यांतून त्याच्या दारात परत आणून ठेवतो आहे. पूर्वी सिमेंटने प्रवाळाचा खडक नेला. आता त्याचा धूर प्रवाळाची बांधण्याची शक्ती हिरावतो आहे.

मन्नारच्या आखातात, तुतिकोरिनच्या समुद्रात, सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ २००२ पासून प्रवाळांचे पुनर्रोपण करत आले आहेत. निरोगी प्रवाळांचे लहान तुकडे घेऊन ते तळावरील चौकटींना बांधले जातात. काही वर्षांत तेथे नवी वसाहत उभी राहते. झिजत चाललेल्या वान बेटाभोवती लाटा अडवण्यासाठी कृत्रिम भित्तीही उभारली गेली आहे. या चौकटी व भित्ती सिमेंट-काँक्रीटच्या आहेत. ज्या वस्तूसाठी येथील प्रवाळ फोडले गेले, त्याच वस्तूच्या आधाराने ते पुन्हा रुजवले जात आहेत.

मंडपमला १९६९ साली जमलेल्या विद्वानांपुढे प्रश्न होता, हे जीव टिकतील कसे? त्यांच्याच निबंधांत उपशाची नोंद होती, म्हणजे ज्ञानाची उणीव नव्हती. १७५६ साली ब्लॅक यांच्या तराजूने दगडातला वायू मोजला होता, तेव्हाही ज्ञानाची उणीव नव्हती. ज्ञान हाती असून हिशेब न मांडण्याची सवय हाच या इतिहासातील खरा दोष आहे. प्रवाळापासून प्रेरणा घेतलेल्या नव्या सिमेंटची पुढची बातमी वाचताना वाचकाने चित्रातील रंगीत प्रवाळ जरूर पाहावे. पण त्याआधी आम्लारी कोठून आली, वीज कोणती होती आणि उरलेले आम्ल कोठे गेले, हे विचारावे. उत्तर सापडले तर ते सिमेंट प्रवाळांच्याही कामाचे असेल.